पाणकोंबड्या: नऊ

फजर पढून निघालो तेव्हा
गाडीतला आकडा तेहेतीस दाखवत होता.
रुमैसा मागच्या सीटवर, मांडीवर वही,
केस न विंचरलेले.
तिची आई म्हणाली, निम्मे खोके बांधायचेत अजून,
आणि तुम्ही बापलेक पाखरं बघा.
आम्ही बघायला निघालो.

रियाधच्या दक्षिणेला, अल-हाइरकडे,
एक नदी आहे. नदी म्हणजे
शहराने आंघोळ करून, भांडी घासून, वजू करून
सोडून दिलेलं पाणी,
आमच्या प्लँटमधून गाळून पुढे ढकललेलं.
मी रोज त्याच्या बाटल्या भरतो,
क्लोरिन मोजतो, सही करतो.
नदी म्हणताना सुरुवातीला हसू यायचं.
आता नाही येत.
बोरूला कुठं ठाऊक पाणी कुठून आलं,
दोन पुरुष उंच माजलाय.

काठच्या बागेत काल रात्रीचा कोळसा अजून ऊन होता.
दगडी कट्ट्यावर भाताची शितं,
शितांवर साळुंक्या, कमरेवर हात ठेवल्यासारख्या.
त्या दिसायच्या आधी
भांडणावरूनच कळलं, आपल्याकडच्या.

ह्याला मराठीत काय, अब्बा?
रातबगळा.
आणि तो?
तोही बगळाच. जरा तांबूस.
खरं सांगायचं तर आमच्या गुहागरला
पांढरा तो बगळा, काळा तो कावळा,
उरलेलं सगळं पाखरू.
नावं मी इथं येऊन शिकलो, चाळिशीत,
पोंक्षे फोरमन जाताना ठेवून गेले
त्या पुस्तकातून. दुर्बीणही त्यांचीच.
डावी काच आतून धुरकटलेली,
म्हणून आम्ही उजव्याच डोळ्याने बघतो,
पाळीपाळीने.

मग बोरूत हालचाल झाली
आणि लाल मुनिया वर आल्या, सात की आठ,
अंगावर कुणी रवा सांडल्यासारखे ठिपके.
पाखरांचं बरं, व्हिसा लागत नाही,
असं आमचा ड्रायव्हर इद्रीस नेहमी म्हणतो.
ह्या पिंजऱ्यातून आल्या, बाबा,
बाजारात जोडीने विकायला.
कुणाच्या तरी पिंजऱ्याचं दार नीट लागलं नाही.
ह्या त्यांच्या नाती असतील, पणत्या असतील.

मग ह्या इथल्याच ना?
रुमैसाने विचारलं.
ती ह्याच शहरातल्या इस्पितळात जन्मली,
बुधवारी, भर दुपारी,
बाहेर धुळीचं वादळ होतं.
मी दुर्बीण पुसायला लागलो.
काच काही पुसली जात नाही, ते आत आहे.

सहा वाजता ऊन कट्ट्यापर्यंत आलं.
ती पाणकोंबडीच्या पिल्लांमागे दोन पावलं जास्त गेली,
चिखलाने एक चप्पल धरून ठेवली. पिवळी.
ओढायला गेलो तर
पिल्लं बोरूत पळाली,
म्हणून ती म्हणाली, राहू दे.
तिला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आलो.
नऊ वर्षांची पोर, वजन लागलं.
पायाला साबणाचा वास येत होता.

मंगळवारचं विमान होतं.
फी परवडेना, दोघींची.
शिक्का लागला तो परत न येण्याचा,
कारकुनाने मान वर न करता लावला.
त्याला तरी काय, मागे रांग होती.

वही ती घेऊन गेली.
मी क्लोरिनच्या फॉर्मच्या पाठीमागे लिहितो आता,
शुक्रवारी, गाडी चालू ठेवून,
एसीची हवा उघड्या दारातून वाया घालवत:
रातबगळे दोन.
साळुंक्या मोजल्या नाहीत.
मुनिया, आवाज फक्त.
पाणकोंबड्या नऊ, त्यात पिल्लं चार,
गेल्या खेपेला पाच होती, हे तिला सांगणार नाही.
बोरू हातभर पुढे सरकलाय.
चप्पल